ट्रफाल्गारची बातमी आणणारी ‘पिकल’: माझ्या हातातला आराखडा तिचाच आहे का, आणि ती गेली कुठे?

मोतीबागचा_सुतार

नमस्कार मंडळी. रेल्वेच्या कारखान्यात पॅटर्नमेकर म्हणून, म्हणजे ओतकामासाठी लाकडी साचे घडवण्याच्या कामावर, माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर घराच्या मागच्या खोलीत मी लहान प्रतिकृती करत असतो. आजवर नॅरो गेजची इंजिने आणि डबे झाले; यंदा प्रथमच जहाज करायला घेतले आहे. नागपूरच्या माणसाला जहाज कशाला, असा प्रश्न घरच्यांनी विचारून झाला आहे, त्यामुळे तो कृपया येथे पुन्हा विचारू नये.

मी निवडलेले जहाज म्हणजे ब्रिटिश नौदलाची ‘पिकल’ ही दोन डोलकाठ्यांची लाकडी स्कूनर. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी स्पेनच्या किनाऱ्याजवळ झालेल्या ट्रफाल्गारच्या लढाईत ब्रिटिश आरमारप्रमुख नेल्सनकडे २७ मोठी लढाऊ जहाजे होती, परंतु विजयाची आणि नेल्सनच्या मृत्यूची बातमी इंग्लंडला नेण्याचे काम या एवढ्याशा जहाजाकडे आले, ही गोष्ट मला फार आवडली. अडचण अशी की, जसजसे वाचत गेलो तसतसा गोंधळ वाढत गेला.

माझ्याकडे एका परदेशी संचाबरोबर आलेल्या आराखड्याची झेरॉक्स प्रत आहे. तिच्यावर ‘पिकल’ असे ठळक नाव, त्याखाली ‘बर्म्युडा, १८०४’ असा उल्लेख आणि १:४८ असे प्रमाण दिले आहे. जहाजाच्या प्रत्येक बाजूला तोफेसाठी दोनच झरोके दाखवले आहेत, म्हणजे एकूण चार तोफा. मात्र ट्रफाल्गारच्या वर्णनांत तिला कुठे आठ तर कुठे दहा तोफांची म्हटले आहे. शिवाय ती १८०१ मध्येच नौदलात होती असे वाचले; मग १८०४ साली ती बांधली कशी जाणार? संचाच्या खोक्यावरील चित्रात तर ती गुलामांची वाहतूक करणाऱ्या एका जहाजाशी लढताना दिसते, आणि त्या चित्राखाली १८२९ हे साल आहे. तिच्या शेवटाबद्दलही तसेच. एका ठिकाणी ती १८०८ मध्ये खडकावर आपटून फुटली असे आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ती १८१८ मध्ये विकली गेली असे आहे. १८०८ मध्ये फुटलेले जहाज १८१८ मध्ये विकले जाऊन १८२९ मध्ये लढते कसे, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

त्या आराखड्यावरून मी सांगाड्याच्या पाच फळ्या कापल्या आहेत आणि लेथवर पितळेच्या चार तोफाही उतरवल्या आहेत. पुढचे लाकूड कापण्यापूर्वी खात्री करून घ्यावी, या हेतूने हा प्रश्न विचारत आहे. हा आराखडा नेमका कोणाचा, खरी ‘पिकल’ कशी होती आणि तिचे शेवटी काय झाले?

धरमपेठची_अभियंता

काका, तोफा आणि साले बाजूला ठेवून आधी मापांकडे जाऊ या, कारण नावे बदलतात पण मापे सहसा लपत नाहीत. ट्रफाल्गारच्या ‘पिकल’ची डेकवरची लांबी ७३ फूट, कण्याची (म्हणजे जहाजाच्या तळाच्या मुख्य लांब तुळईची) हिशेबी लांबी ५६ फुटांच्या थोडी वर, रुंदी सुमारे २० फूट ७ इंच, सामानकोठ्याची खोली साडेनऊ फूट आणि टनभार १२७ अशी नोंद आहे. हे आकडे एकमेकांशी जुळतात का, ते आपल्याला घरबसल्या तपासता येते, कारण त्या काळातील इंग्रजी ‘टन’ हे वजन नसून मोजपट्टीतून काढलेला आकडा होता. कण्याची हिशेबी लांबी गुणिले रुंदी गुणिले रुंदीचा निम्मा भाग, आणि त्या गुणाकाराला ९४ ने भागायचे, असा तो साधा नियम होता. ५६.३ गुणिले २०.६ गुणिले १०.३ भागिले ९४ केल्यावर मला १२७.१ मिळाले. याचा अर्थ मापे आणि टनभार एकाच जहाजाचे आहेत. कोणीतरी दोन ठिकाणांहून उचलून एकत्र केलेले नाहीत.

आता तुमच्या कागदावरील ‘बर्म्युडा, १८०४’ या शब्दांमुळे मला वेगळाच संशय येतो. ब्रिटिश नौदलाने १८०३ ते १८०४ या काळात बर्म्युडामध्ये एकाच आराखड्याच्या १७ लहान स्कूनर बांधून घेतल्या होत्या. त्यांतील पहिलीच्या नावावरून हा वर्ग ‘बॅलाहू’ म्हणून ओळखला जातो. बहुतेकींना माशांची नावे दिली असल्यामुळे त्यांना ‘मासे वर्ग’ही म्हणतात. त्यांची लांबी ५५ फूट २ इंच, रुंदी १८ फूट, टनभार ७०, तोफा चार आणि माणसे वीस. चार तोफा म्हणजे प्रत्येक बाजूला दोन झरोके, हे तुमच्या वर्णनाशी तंतोतंत जुळते. ‘पिकल’ बर्म्युडाची, हीदेखील स्कूनर, काळही जवळपास तोच, म्हणून या वर्गाचे रेखाचित्र तिच्या नावाने खपवले जाण्याची शक्यता मला मोठी वाटते.

हे ठरवायला फूटपट्टी पुरेशी आहे. मात्र झेरॉक्समध्ये कागद लहानमोठा होतो, त्यामुळे थेट जहाजाची लांबी मोजू नका. आराखड्याच्या कोपऱ्यात फुटांची मोजपट्टी छापलेली असेल तर प्रथम ती मोजा. १:४८ या प्रमाणात एक फूट म्हणजे ६.३५ मिलिमीटर, म्हणजे वीस फुटांची पट्टी १२७ मिलिमीटर भरली पाहिजे. ती तशी भरली तर प्रत विश्वासार्ह आहे असे समजा आणि मग डेकची लांबी मोजा. ती ४६ सेंटिमीटरच्या आसपास आली तर ‘पिकल’, आणि ३५ च्या आसपास आली तर ‘बॅलाहू’. या दोहोंत ११ सेंटिमीटरचे अंतर आहे, त्यामुळे उत्तर धूसर राहणार नाही.

महालातला_वाचक

काकांचा गोंधळ तोफांचा किंवा लाकडाचा नसून नावाचा आहे, असे मला वाटते. ब्रिटिश नौदलात जहाज गेले तरी नाव जात नाही. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात तसे ते पुढच्या जहाजाला मिळते. ‘पिकल’ या नावाच्या निदान तीन स्कूनर एकापाठोपाठ होऊन गेल्या आणि तुम्ही वाचलेल्या साऱ्या हकिगती त्या तिघींत वाटून दिल्या की विसंगती उरत नाही.

पहिली तुमची. ती मूळची नौदलाची नव्हतीच. ‘स्टिंग’ या नावाचे, १७९९ साली बर्म्युडात बांधलेले ते खासगी जहाज होते. जमैकाच्या आरमारी तळाचे प्रमुख लॉर्ड ह्यू सीमोर यांनी ते आधी दिवसाला १० पौंड भाड्याने घेतले आणि डिसेंबर १८०० मध्ये २,५०० पौंडांना विकतच घेऊन टाकले. जहाजे खरेदी करू नयेत अशी लंडनहून स्पष्ट ताकीद असतानाही त्यांनी हा व्यवहार केला. हिशेब पाहिला तर त्यांचे फारसे चुकले असे म्हणता येणार नाही: दिवसाला १० पौंड म्हणजे अडीचशे दिवसांच्या भाड्यातच जहाजाची किंमत वसूल होत होती. झालेला व्यवहार वरिष्ठांनी मान्य केला आणि १८०१ च्या सुरुवातीला तिचे नाव बदलून ‘पिकल’ ठेवले. नांगीचे लोणचे झाले म्हणायचे! अर्थात त्या काळच्या इंग्रजीत खोडकर पोरालाही ‘पिकल’ म्हणत, आणि तो अर्थ या जहाजाला जास्त शोभतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सीमोर तापाने वारले आणि ज्या जहाजासाठी त्यांनी हुकूम मोडला होता, त्याच जहाजातून त्यांचे शव इंग्लंडला नेण्यात आले.

दुसरी ‘पिकल’ म्हणजे फ्रेंचांकडून १८०१ मध्ये जिंकलेली ‘एक्लेअर’ नावाची स्कूनर. पहिली फुटल्यानंतर, १८०९ मध्ये, तिला हे रिकामे झालेले नाव दिले गेले, आणि १८१८ मध्ये विकली गेली ती हीच. तिसरी १८२७ मध्ये बर्म्युडातच बांधली गेली. जून १८२९ मध्ये क्यूबाच्या किनाऱ्याजवळ ‘व्होलादोरा’ हे गुलामांची वाहतूक करणारे जहाज तिने रात्रीच्या चकमकीत पकडले. ती चकमक त्या वेळी फार गाजली आणि तिची चित्रेही निघाली. तुमच्या खोक्यावरील चित्र त्यांपैकीच कशाची तरी नक्कल असणार. म्हणजे संच करणाऱ्यांनी चित्र तिसरीचे, आराखडा (ताईंचा तर्क खरा ठरला तर) भलत्याच वर्गाचा आणि कथा पहिलीची घेतलेली दिसते.

दोन ओळींचे विषयांतर करतो. नागपूरला जहाजांशी काय देणेघेणे, असे घरचे म्हणत असतील तर त्यांना सांगा की नागपूरकर भोसल्यांकडे कटक प्रांत होता आणि त्याबरोबर बालासोरचे बंदरही होते. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने तो किनारा गेला. हा तह ज्या आर्थर वेलस्लीने करून घेतला, त्याची आणि नेल्सनची आयुष्यात एकदाच, सप्टेंबर १८०५ मध्ये लंडनमध्ये भेट झाली होती. पुढच्याच महिन्यात नेल्सन मारला गेला आणि ती बातमी घेऊन तुमची स्कूनर निघाली.

त्या बातमीचा प्रवास थोडक्यात असा. नेल्सननंतर आरमाराची सूत्रे घेतलेल्या कॉलिंगवुडने २६ ऑक्टोबरला लेफ्टनंट जॉन रिचर्ड्स लॅपनोटिएर याला खलिते देऊन रवाना केले. ४ नोव्हेंबरला सकाळी तो इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडील फालमथ बंदरात उतरला आणि तेथून घोडागाडीने २१ वेळा घोडे बदलत २७१ मैल कापून ६ नोव्हेंबरच्या पहाटे एकच्या सुमारास लंडनच्या नौदल कचेरीत पोहोचला. गाडीभाड्याचा हिशेब ४६ पौंड १९ शिलिंग १ पेनी इतका झाला. वाटेत भेटलेल्या ‘नॉटिलस’ या जहाजाचा कप्तान साइक्स हाही तीच बातमी घेऊन प्लिमथमार्गे लंडनकडे धावत होता आणि तो लॅपनोटिएरच्या मागोमाग पोहोचला. लॅपनोटिएरला बढती आणि ५०० पौंडांचे बक्षीस मिळाले.

मोतीबागचा_सुतार

सर, तीन जहाजांची फोड वाचल्यावर दोन महिन्यांचे कोडे पाच मिनिटांत सुटल्यासारखे वाटले. मनापासून आभार.

ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे आधी मोजपट्टी मोजली. वीस फुटांची पट्टी बरोबर १२७ मिलिमीटर भरली, म्हणजे प्रत खोटी नाही. नंतर डेकची लांबी घेतली: ३५ सेंटिमीटर. रुंदी ११.४. तेव्हा कागद ‘बॅलाहू’चा आहे हे सिद्ध झाले. जन्मभर साचे केले, प्रत्येक नकाशाचे माप दोनदा तपासून मगच करवतीला हात लावला, आणि या वेळी वरचे नाव वाचून थेट लाकूड कापायला बसलो. वयाचा परिणाम म्हणायचा, दुसरे काय.

आता दोन शंका आहेत. पहिली अशी की, हाच आराखडा मोठा करून घेतला तर चालेल का? ७३ भागिले ५५.१७ म्हणजे साधारण १.३२ पट. नाक्यावरच्या दुकानात तशी प्रत लगेच निघते. दुसरी शंका आकाराबद्दल आहे. डेक ७३ फूट आणि कणा ५६ फूट, म्हणजे १७ फूट लांबी कण्याच्या बाहेर झुकलेली दिसते. याचा अर्थ तिची नाळ (जहाजाचे पुढचे टोक) आणि मागची बाजू फारच तिरपी असली पाहिजे. मी त्याप्रमाणे पुढचा खांब तिरका कापू का?

धरमपेठची_अभियंता

काका, कृपया अजून काहीही कापू नका!

आराखडा सर्व बाजूंनी १.३२ पट केला तर रुंदीही त्याच पटीने वाढेल आणि १८ फुटांचे पावणेचोवीस फूट होतील. खरी ‘पिकल’ २० फूट ७ इंचांची होती. प्रमाण पाहिले तर फरक लगेच डोळ्यांत भरतो. ‘बॅलाहू’ची लांबी तिच्या रुंदीच्या तिपटीहून किंचित जास्त, म्हणजे ३.०६ पट आहे, तर ‘पिकल’ची साडेतीन पट. खोलीतला फरक त्याहून बोलका आहे: लांबी १८ फुटांनी वाढली तरी कोठ्याची खोली जेमतेम अर्ध्या फुटाने वाढलेली आहे, १.३२ पटीने ती बारा फुटांजवळ गेली असती. म्हणजे ती ‘बॅलाहू’ची मोठी बहीण नव्हे, तिची शरीरयष्टीच वेगळी, लांब आणि सडपातळ आहे. तेव्हा लांबी, रुंदी आणि खोली या तिन्ही दिशांना वेगवेगळा गुणक घ्यावा लागेल: लांबीला १.३२, रुंदीला १.१४ आणि खोलीला १.०६. बर्म्युडाच्या कारागिरांची तळाची धाटणी दोन्हींत एकाच घराण्याची असल्यामुळे छेदांचा मूळ बाक ठेवून असे ताणलेले आरेखन प्रतिकृतीसाठी समर्थनीय ठरते. मात्र तळाच्या पाटीवर ‘मापांवरून पुनर्रचित’ असे प्रामाणिकपणे लिहावे, असे माझे मत आहे.

दुसऱ्या शंकेत एक सापळा आहे आणि त्यात पुष्कळ जण सापडतात. नोंदीतील ५६ फूट ही प्रत्यक्ष लाकडी कण्यावर टेप लावून घेतलेली लांबी नाही. नियम असा होता की, नाळेच्या पुढच्या कडेपासून मागच्या खांबापर्यंतची लांबी घ्यायची आणि झुकावाची सरसकट वजावट म्हणून तिच्यातून रुंदीचे तीन-पंचमांश वजा करायचे. रुंदी २०.६ फूट असल्यामुळे ही वजावटच सुमारे साडेबारा फुटांची होते. १७ फुटांतून ती काढली की खरा फरक साडेचार फुटांच्या आत येतो, आणि त्याचे कारण मागे बाहेर आलेली डेक आणि मागच्या खांबाचा कल एवढेच पुरते. वजावट ही कागदावरची रीत आहे. तिला लाकडात उतरवले तर तुमच्या स्कूनरची नाळ हत्तीच्या सोंडेसारखी दिसेल. नाळेचा कल ‘बॅलाहू’च्या आराखड्यात आहे तेवढाच ठेवा.

मालवणी_सध्या_अजनी

मी नोकरीनिमित्त नागपुरात असलो तरी आजोबा मालवणच्या किनाऱ्यावरचे तांडेल, म्हणजे जहाजावरचे मुख्य खलाशी, होते, त्यामुळे हा धागा वाचून राहवले नाही. काका, शिडांविषयी कोणी काही लिहिलेले नाही, म्हणून ते आधी लिहितो.

‘पिकल’ ही टॉपसेल स्कूनर होती. दोन डोलकाठ्या, आणि दोन्हींवरची मुख्य शिडे जहाजाच्या लांबीच्या दिशेने उभी, एका बाजूने काठीला बांधलेली. पुढच्या डोलकाठीच्या वरच्या टप्प्यावर मात्र आडवे परबाण (शीड बांधायचा वासा) आणि त्यावर चौकोनी शीड. लांबीच्या दिशेच्या शिडांमुळे वाऱ्याच्या तोंडाच्या बरेच जवळ जाता येते आणि ती फिरवायला माणसे कमी लागतात. वारा पाठीमागून असेल तेव्हा वरचे चौकोनी शीड कामाला येते. आपल्या गलबतांची शिडेही वाऱ्याच्या जवळ जाणारी, पण ती तिरक्या परबाणावर चढवलेली असत आणि दिशा बदलताना ते सबंध धूड डोलकाठीच्या पलीकडे न्यावे लागे. स्कूनरवर ही कटकट नाही. आकाराची कल्पना हवी असेल तर आपली आरमारी गलबते साधारण ७० टनांपर्यंत आणि त्यांहून मोठ्या लढाऊ गुराबा १५० टनांपासून पुढे असत. १२७ टनांची ‘पिकल’ या दोहोंच्या मधली. ‘बॅलाहू’ मात्र सरळ गलबताच्या मापाची. डोलकाठ्या सरळ उभ्या करू नका. बर्म्युडाच्या पद्धतीत त्या मागे झुकलेल्या असत, विशेषतः मागची.

लाकडाबद्दल: बर्म्युडाची जहाजे तेथील ज्या ‘सीडर’ने बांधत, ते खरे तर ज्युनिपरच्या जातीचे तांबूस झाड आहे. वजनाला हलके, कुजायला चिवट आणि फारसे वाळवत न बसता वापरता येणारे, म्हणून लहान वेगवान जहाजांसाठी ते उत्तम. प्रतिकृतीत सागवानाच्या रेषा फार मोठ्या दिसतात. आपल्याकडचा हळदू बारीक आणि सारख्या पोताचा असतो, पातळ पट्ट्या वाकवायला आणि डोलकाठ्या उतरवायला तो बरा. रंग हवा तर वरून द्यावा.

तोफांबद्दल: तिच्यावर १२ पौंडी कॅरोनेड होत्या, आठ. काही याद्यांत तिला दहा तोफांची म्हटले आहे, पण तुम्ही आठ धरून चाला. कॅरोनेड म्हणजे आखूड, पातळ भिंतीची, जवळून जड गोळा फेकणारी तोफ. १२ पौंडी लांब तोफ दीड टनाच्या पुढे जाते, तर त्याच गोळ्याची कॅरोनेड सुमारे ३०० किलोंत बसते. म्हणूनच एवढ्या लहान जहाजाला आठ तोफा पेलल्या. लढाईत मात्र तिचे काम गोळे फेकण्याचे नव्हते. मोठ्या जहाजांच्या रांगेपासून बाजूला राहून ती निरोप आणि खुणा पाहत होती, आणि ‘आशील’ हे फ्रेंच जहाज पेटल्यावर तिच्या होड्यांनी पाण्यातली माणसे काढली. त्यांत जेनेट नावाची एक फ्रेंच स्त्रीही होती. बुडत्यांना काढण्याचा तिला सराव होताच. मार्च १८०४ मध्ये फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदराजवळ ‘मॅग्निफिसंट’ हे ७४ तोफांचे जहाज खडकावर फुटले तेव्हाही मदतीला ‘पिकल’ होती.

बातमी घेऊन येताना ती वाऱ्यासारखी उडत आली, असे पुष्कळ ठिकाणी लिहितात. ट्रफाल्गारपासून फालमथ सुमारे १,००० सागरी मैल आणि प्रवास नऊ दिवसांचा, म्हणजे सरासरी ताशी साडेचार मैलांच्या आसपास. शिडाच्या जहाजाला हे काही विशेष नाही. विशेष होते ते हवामान. ऑक्टोबरच्या अखेरीस तिला असे वादळ लागले की पाणी आत येऊ लागले आणि जहाज हलके करण्यासाठी चार कॅरोनेड समुद्रात ढकलून द्याव्या लागल्या. चार तोफा म्हणजे गाड्यांसकट सव्वा टनाहून जास्त वजन, आणि तेही डेकवर, म्हणजे उंचावर. तळातले एवढेच वजन काढले असते तर उलट तोल बिघडला असता. उंचावरचे काढले की जहाज अधिक स्थिर होते.

आता शेवट. जानेवारी १८०७ मध्ये तिने ‘फेव्हरिट’ नावाचे फ्रेंच खासगी लढाऊ जहाज पकडले, ही तिची शेवटची मोठी कामगिरी. जुलै १८०८ मध्ये लेफ्टनंट मोझेस कॅनडे याच्या हाताखाली ती कॉलिंगवुडसाठी खलिते घेऊन कादिझला निघाली होती. तीन वर्षांपूर्वी ज्या बंदराची नाकेबंदी करायची, ते आता मित्राचे झाले होते, कारण त्या उन्हाळ्यात स्पेन फ्रान्सविरुद्ध उठला होता आणि कादिझमध्ये अडकलेल्या फ्रेंच जहाजांनी १४ जूनला शरणागती पत्करली होती. शत्रूची भीती उरली नव्हती, किनाऱ्याची होती. २६ जुलैला ती कादिझच्या वायव्येस, ग्वादलक्विविर नदीच्या मुखाजवळच्या चिपिओनाच्या उथळ खडकाळ भागावर चढली आणि फुटली. माणूस एकही गेला नाही. सगळे होड्यांतून निसटले. तीन दिवसांनी एका माल्टाच्या पाणबुड्याने खलिते वर काढले.

नौदलाच्या चौकशीत कापलेल्या अंतराच्या हिशेबातील चूक हे कारण ठरले. ही चूक कशी होते हे कोरड्या जमिनीवर कळत नाही, म्हणून सांगतो. मागे लाकडी फळी टाकून तिला बांधलेली गाठींची दोरी सोडायची आणि २८ सेकंदांचे वाळूचे घड्याळ संपेपर्यंत किती गाठी गेल्या ते मोजायचे. दोन गाठींत सव्वासत्तेचाळीस फूट. हा झाला वेग. तो तासांनी गुणून पाटीवर अंतर मांडायचे. पण दोरी मोजते ती पाण्यातून चालण्याची गती. पाणीच जहाजाला घेऊन पुढे सरकत असेल तर ते पाटीवर कुठेच येत नाही. दोरी ताणली गेली, की गाठी कमी भरतात आणि वेग खऱ्यापेक्षा कमी मांडला जातो, या चुकीत प्रत्येक तासाला थोडी थोडी भर पडते आणि सकाळी दिसायला हवा तो खडक रात्रीच पायाखाली येतो. त्या टोकावर आज उंच दीपगृह आहे, पण ते १८६७ चे. ‘पिकल’ला तेथे दिवा मिळाला नाही.

महालातला_वाचक

तांडेलांच्या नातवाने शेवट फार चांगला सांगितला. एकच पुरवणी जोडतो: ‘पिकल’ची प्रतिकृती म्हणून छायाचित्रांत जी आधुनिक स्कूनर दिसते, ती १९९० च्या दशकात रशियात बांधलेली आहे आणि आधी तिचे नाव वेगळे होते. काकांनी तिच्या छायाचित्रांवरून रंग, दोऱ्या किंवा झरोके उचलू नयेत, एवढ्यासाठी लिहिले.

मोतीबागचा_सुतार

सर्वांचे आभार. काल रात्री ताईंच्या तीन गुणकांनी पहिला छेद आलेख-कागदावर काढला. मधल्या छेदाची रुंदी १३.१ सेंटिमीटर आली, म्हणजे २०.६ फुटांशी बरोबर जुळली. हळदूची फळी बल्लारपूरहून मागवली आहे. कापलेल्या पाच फळ्या फेकणार नाही. पुढेमागे त्यांची खरीच एक ‘बॅलाहू’ करीन आणि तिला तिचे स्वतःचे नाव देईन.

तोफांचा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. चुकीच्या आराखड्यावरून मी चारच तोफा उतरवल्या होत्या आणि आता आणखी चार करायच्या म्हणून पितळेची सळई आणायला निघालोच होतो. पण मला ही स्कूनर बातमी घेऊन फालमथला शिरतानाची, म्हणजे ४ नोव्हेंबर १८०५ च्या सकाळची करायची आहे, आणि त्या सकाळी तिच्यावर आठांपैकी चारच कॅरोनेड उरलेल्या होत्या. तोल राहावा म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन बसवतो. जिथल्या तोफा समुद्रात गेल्या, ते चार झरोके फळीने बंद दाखवावेत की उघडेच ठेवावेत, तेवढे मालवणकरांनी सांगावे. आज संध्याकाळी बाजूची पहिली पट्टी डिंकाने चिकटवायची आहे.

मालवणी_सध्या_अजनी

बंद दाखवा, काका. आत पाणी येत असल्यामुळे तोफा टाकल्या होत्या. त्याच जहाजावर कोणी शहाणा खलाशी रिकामे भोक उघडे ठेवणार नाही.